ट्रेमधले मथळ्यांचे ॲप दोन तासांनी का अडते

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुम्ही साताऱ्यात अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहात आणि पायथनमध्ये विंडोजसाठी एक लहान ॲप लिहिले आहे. ते घड्याळाशेजारी सिस्टीम ट्रेमध्ये बसते, तंत्रज्ञानविषयक १२ संकेतस्थळांच्या आरएसएस फीड (म्हणजे स्थळाने प्रोग्रॅमना वाचण्यासाठी ठेवलेली ताज्या लेखांची यादी) दर मिनिटाला उतरवते आणि आयकॉनवर क्लिक केले की ताज्या मथळ्यांची यादी दाखवते. तुमच्या तक्रारी तीन आहेत. दीड-दोन तासांनी काही स्थळे ४०३ किंवा ४२९ असा नकाराचा क्रमांक देऊन दार बंद करतात. लॅपटॉप मिटून पुन्हा उघडला की आयकॉन जागेवर दिसतो, पण क्लिकला दाद देत नाही. आणि वाचून झालेले मथळे मध्येच सगळेच्या सगळे ‘नवे’ म्हणून परत येतात. यावर उपाय म्हणून पायथन सोडून इलेक्ट्रॉनमध्ये (वेब-पानांच्या तंत्राने डेस्कटॉप ॲप बनवण्याचे साधन) किंवा सी-शार्प या भाषेत नव्याने लिहावे का, असे तुम्ही विचारले आहे.

नव्याने लिहू नका. या तिन्ही तक्रारी भाषेमुळे आलेल्या नाहीत. भाषा बदलली तरी त्या तुमच्या मागोमाग येतील. एकदा चालवायचा, निकाल पाहायचा आणि बंद करायचा, अशा प्रोग्रॅमच्या पद्धतीने हा कोड लिहिलेला आहे, आणि तो सकाळपासून रात्रीपर्यंत चालवला जात आहे. एकदाच चालणाऱ्या प्रोग्रॅमला हजारात एखादे वेळी येणारी अडचण भेटतच नाही. ट्रेमधल्या प्रोग्रॅमला ती दिवसातून दोनदा भेटते. मी सांगलीत वीसएक वर्षे व्यापाऱ्यांसाठी आणि लहान कार्यालयांसाठी डेस्कटॉप सॉफ्टवेअर लिहितो. ट्रेमध्ये बसणाऱ्या प्रोग्रॅमची कसोटी मी एकाच गोष्टीवर लावतो: तो दुसऱ्याला किती कमी वेळा हाक मारतो. समोरच्या सर्व्हरला कमी, आणि खुर्चीवर बसलेल्या माणसालाही कमी.

पुढचे काही मुद्दे तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, हे आधीच सांगतो. ॲप फक्त तुमच्याच लॅपटॉपवर चालणार की वर्गातल्या सगळ्यांना देणार, इंटरनेट वायफायचे आहे की मोबाइलच्या हॉटस्पॉटचे, आणि उबुंटू या लिनक्स प्रणालीवरही ते चालवायचे आहे का, यांवर काही निर्णय बदलतात. जिथे बदलतात तिथे तसे सांगत जाईन.

पहिली तक्रार नकाराची. दर मिनिटाला १२ फीड म्हणजे चोवीस तासांत १७,२८० विनंत्या. एक फीड सरासरी ६० केबीची धरली तरी हा हिशेब दिवसाला सुमारे १ जीबीपर्यंत जातो. दिवसाला दीड जीबीचा प्लॅन असलेल्या हॉटस्पॉटवर तुमचे ॲप एकटेच दोन तृतीयांश डेटा खाईल. तेच दर अर्ध्या तासाला विचारले तर ५७६ विनंत्या आणि सुमारे ३४ एमबी. या काटकसरीत वाचकाचे काय बुडते? जवळजवळ काहीच नाही, कारण बहुतेक तंत्रज्ञान-स्थळांवर दिवसाला मोजक्याच बातम्या येतात आणि १,४४० पैकी हजाराहून अधिक वेळा तुम्ही तीच फाइल पुन्हा उतरवत असता.

अर्ध्या तासाचा हा संकेत आजचा नाही. नेटस्केप या ब्राउझर-कंपनीने आरएसएसची पहिली आवृत्ती १९९९ मध्ये काढली तेव्हापासून मथळे उचलणारे लहान प्रोग्रॅम निघाले, आणि त्यांच्या गर्दीचा त्रासही तेव्हापासूनच सुरू झाला. १९९७ पासून चालत आलेल्या स्लॅशडॉट या तंत्रज्ञान-बातम्यांच्या स्थळाने आपली मथळ्यांची फाइल अर्ध्या तासातून एकदाच न्यावी अशी अट घातली होती, आणि ती मोडणाऱ्याचा पत्ता ते काही काळ अडवत असत. आरएसएस २.० मध्ये टीटीएल नावाचा घटक आहे. किती मिनिटे ही फीड जपून ठेवून वापरावी हे प्रकाशक त्यात लिहितो. तुमच्या कोडात तो घटक वाचलेलाच नाही. तो वाचा, आणि तो नसेल तर तीस मिनिटे धरा. माझा स्वतःचा नियम थोडा पुढचा आहे. ज्या फीडमध्ये आठवड्याला दोन-तीन लेख येतात ती मी सहा तासांनी विचारतो, आणि हॅकर न्यूज या तंत्रज्ञान-स्थळासारखी सतत हलणारी अर्ध्या तासाने. प्रत्येक फीडचा वेग तिच्याच गेल्या काही दिवसांच्या नोंदींवरून ठरवणे फारसे अवघड नाही.

दुसरा बदल याहून मोलाचा आहे. सर्व्हर फीड देताना बहुधा ईटॅग नावाची खूण किंवा शेवटच्या बदलाची वेळ हेडरमध्ये, म्हणजे मजकुराआधीच्या माहितीच्या ओळींत, देतो. ती जपून ठेवा आणि पुढच्या वेळी इफ-नन-मॅच व इफ-मॉडिफाइड-सिन्स या हेडरमधून जशीच्या तशी परत पाठवा. बदल झाला नसेल तर सर्व्हर ३०४ एवढेच उत्तर देतो आणि ६० केबीऐवजी काहीशे बाइटमध्ये काम भागते. दारातूनच ‘काही नवीन आहे का?’ असे विचारून परत फिरण्यासारखे हे आहे. मात्र ३०४ सोबत मजकूर येत नाही. तो रिकामा मजकूर तुम्ही फीडपार्सरला (फीडमधून बातम्या वेगळ्या काढणारी लायब्ररी) दिलात तर ‘शून्य बातम्या’ असे उत्तर मिळेल, आणि त्याचे परिणाम तिसऱ्या तक्रारीत दिसतील.

४२९ चा अर्थ ‘फार वेळा येत आहात’. त्यासोबत रिट्राय-आफ्टर हे हेडर असेल तर त्यात सांगितलेला वेळ संपेपर्यंत त्या स्थळाकडे फिरकू नका. ते नसेल तर पहिल्यांदा अर्धा तास, मग एक तास, मग दोन तास असे अंतर दुपटीने वाढवत न्या. तुमच्या कोडात नकार मिळाला की पाच सेकंदांनी पुन्हा प्रयत्न होतो. त्यामुळे सर्व्हरच्या नजरेत तुम्ही हट्टी ठरता आणि बंदी लांबते. ४०३ म्हणजे ‘परवानगी नाही’, आणि त्याचे कारण बहुधा वेगळे असते. विनंत्या पाठवणारी रिक्वेस्ट्स ही लायब्ररी स्वतःची ओळख ‘पायथन-रिक्वेस्ट्स’ अशी देते आणि अनेक स्थळे ही ओळख सरसकट अडवतात. ही ओळख युजर-एजंट या हेडरमध्ये जाते. त्यात तुमच्या ॲपचे नाव, आवृत्ती आणि संपर्काचा पत्ता लिहा. क्रोमचे नाव लावून आत शिरण्याचा सल्ला तुम्हाला अनेक जण देतील. तो घेऊ नये असे माझे मत आहे. ज्याच्या मजकुरावर आपले ॲप उभे आहे त्याला आपण कोण हे खरे सांगावे, आणि त्रास झाला तर त्याला आपल्याला कळवता यावे. संपर्क दिल्यामुळे बंदीऐवजी एक साधे पत्र आल्याचा अनुभव मला आहे.

वर्गमित्रांना ॲप देणार असाल तर आणखी एक गोष्ट. काही वर्षांपूर्वी मी असाच एक प्रोग्रॅम एका महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत ४० संगणकांवर बसवून दिला. सकाळी दहाला साहाय्यक मुख्य बटण दाबत, चाळीसही यंत्रे एकदम सुरू होत, आणि माझा टायमर सुरुवातीच्या क्षणापासून मोजत असल्याने चाळीसही जण दर अर्ध्या तासाला त्याच सेकंदाला त्याच स्थळाकडे धावत. इमारतीबाहेर जाणारा आयपी पत्ता एकच. समोरच्या सर्व्हरला एकच माणूस एका सेकंदात चाळीस वेळा दार ठोठावतो आहे असे दिसले आणि त्याने आख्ख्या महाविद्यालयाला अडवले. अंतर अर्ध्या तासाचेच होते, तरीही चूक माझीच होती. तेव्हापासून मी पहिली विनंती शून्य ते दहा मिनिटांतल्या यादृच्छिक क्षणी करतो आणि पुढच्या प्रत्येक फेरीतही दोन-तीन मिनिटांचा सैलपणा ठेवतो. कोडात ही एक ओळ आहे.

आता दुसरी तक्रार, म्हणजे लॅपटॉप उघडल्यावर मुका झालेला आयकॉन. तुम्ही दिलेल्या कोडाच्या तुकड्यात ‘आता ताजे करा’ या मेनूच्या आतूनच फीड उतरवली जाते, आणि रिक्वेस्ट्सला वेळमर्यादा दिलेली नाही. ही लायब्ररी स्वतःहून कोणतीही वेळमर्यादा लावत नाही. लॅपटॉप मिटला तेव्हा एक फीड अर्धी उतरलेली होती असे समजा. दोन तासांनी तो उघडला तोवर समोरच्या सर्व्हरने आणि मधल्या राउटरने ते कनेक्शन केव्हाच विसरून टाकलेले असते. त्यांच्याकडून ‘संपले’ असा निरोपही येत नाही. तुमचा थ्रेड (प्रोग्रॅममधला एका वेळी एकच काम करणारा धागा) मात्र पुढच्या बाइटची वाट पाहत बसतो, आणि ती वाट कधीच संपत नाही. आयकॉनचे क्लिक ऐकणारा थ्रेड तोच असल्यामुळे ॲप मेल्यासारखे वाटते. टास्क मॅनेजरमध्ये पाहिलेत तर त्याचा सीपीयू शून्यावर दिसेल: प्रोग्रॅम जिवंत आहे, पण थांबून राहिला आहे.

इथे दोन्ही बाजू दुरुस्त करायला हव्यात. प्रत्येक विनंतीला जोडणीसाठी पाच आणि वाचनासाठी पंधरा सेकंद अशी मर्यादा द्या. यातली वाचनाची मर्यादा एकूण वेळेची नसते, दोन तुकड्यांमधल्या शांततेची असते. थेंबथेंब उत्तर देणारा सर्व्हर तिच्यातूनही निसटतो. म्हणून एकूण वेळ आणि फाइलचा आकार यांवर स्वतंत्र लगाम ठेवा. मी दोन एमबीवर गेलेली फीड सोडून देतो. शिवाय फीड उतरवण्याचे काम वेगळ्या थ्रेडमध्ये हलवा. ट्रेचा थ्रेड फक्त मेनू दाखवेल आणि क्लिक ऐकेल. फीड आणणारा थ्रेड निकाल एका रांगेत ठेवील, आणि मेनू उघडताना जे तयार असेल ते दिसेल. मेनू उघडल्यावर नेटवर्कची वाट पाहावी लागणे हे ट्रेमधल्या ॲपमध्ये मी कधीच मान्य करत नाही.

लॅपटॉप जागा झाल्याबरोबर टायमर ‘वेळ उलटून गेली’ म्हणून लगेच उडतो, पण वायफाय जोडले जायला आणखी काही सेकंद लागतात. मग १२ पैकी १२ फीड अपयशी ठरतात आणि तुमचे ॲप लाल खूण दाखवते. जागे झाल्यावर अर्धा मिनिट थांबणे आणि पहिल्या अपयशाला अपयश न मानणे, एवढ्याने हे सुटते. आमच्याकडे वीज गेली की राउटर बंद पडतो आणि लॅपटॉप बॅटरीवर चालू राहतो. त्या परिस्थितीतही हाच उपाय लागू पडतो.

तिसरी तक्रार सर्वांत रंजक आहे, कारण तिच्यात तीन वेगवेगळ्या चुका एकत्र आल्या आहेत. तुम्ही प्रत्येक फेरीत जुनी यादी टाकून तिच्या जागी नवी ठेवता, आणि जुन्या यादीत नसलेला मथळा ‘नवा’ ठरवता. एखाद्या फेरीत उत्तर रिकामे आले की जुनी यादी पुसली जाते, आणि पुढच्या फेरीत तीसच्या तीस बातम्या नव्या ठरतात. रिकामे उत्तर अनेक वाटांनी येते. ३०४ ची वाट वर सांगितली. दुसरी वाट वसतिगृहाच्या किंवा महाविद्यालयाच्या वायफायची. लॉगिनची मुदत संपली की एचटीटीपीएस नसलेल्या पत्त्यावर फीडऐवजी लॉगिनचे पान येते, आणि तेही २०० हे यशाचे उत्तर घेऊन. पार्सर बिचारा त्यात बातम्या शोधतो आणि शून्य सांगतो. म्हणून अपयशी किंवा रिकाम्या फेरीनंतर साठ्याला हात लावू नका. फीडपार्सरचा ‘बोझो’ हा, फीड बिघडलेली असल्याचे सांगणारा ध्वज उभा असेल आणि बातम्याही शून्य असतील तर ती फेरी झालीच नाही असे समजा.

दुसरी चूक ओळखीची. तुम्ही मथळ्याच्या मजकुरावरून बातमी ओळखता, पण संपादक मथळे बदलत असतात. सकाळचे प्रश्नचिन्ह दुपारी निघून जाते आणि तुमच्या ॲपला ती नवी बातमी वाटते. आरएसएसमध्ये यासाठी जीयूआयडी, म्हणजे प्रत्येक बातमीची वेगळी ओळख, हा घटक आहे, आणि २००५ साली प्रमाण झालेल्या ॲटम या फीडच्या दुसऱ्या प्रकारात आयडी देणे सक्तीचेच आहे. फीडचा पत्ता आणि ही ओळख यांची जोडी करून ती किल्ली म्हणून वापरा. जीयूआयडी नसेल तर लिंक घ्या, पण तिच्या शेपटीला जोडलेले यूटीएमचे (वाचक कुठून आला हे मोजणारे) तुकडे कापून. नाहीतर तीच लिंक दर वेळी वेगळी दिसते. तारखेवर मात्र विसंबू नका. काही स्थळे बारीकशा दुरुस्तीनंतरही तारीख पुढे ढकलतात, काही वेळेचा विभाग चुकीचा लिहितात. तारीख साठवताना यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेत साठवा आणि दाखवतानाच साडेपाच तास मिळवा.

तिसरी चूक साठ्याची. ओळखी फक्त मेमरीत आहेत, त्यामुळे ॲप बंद झाले की सगळे विसरले जाते. एसक्यूलाइट या लहान डेटाबेसची एक फाइल, तिच्यात एक तक्ता, आणि तीन महिन्यांपूर्वीच्या नोंदी अधूनमधून काढून टाकणे, एवढे पुरे. बातमी फीडमधून गेली की तिची ओळखही पुसायची, असे करू नका. काही स्थळे जुने लेख फीडमध्ये परत आणतात. आणि नवी फीड जोडल्यावर पहिल्या फेरीत जे येईल ते मुकाट्याने ‘पाहिलेले’ म्हणून नोंदवा. नाहीतर जोडल्याबरोबर चाळीस सूचना वाचकाच्या अंगावर येतात.

सूचनांचा विषय निघालाच आहे तर तुमच्या कोडातली एक गोष्ट मला खटकली: प्रत्येक नव्या मथळ्याला एक नोटिफिकेशन. सांगलीच्या मार्केट यार्डात एका हळदीच्या अडत दुकानासाठी मी ट्रेमध्ये निरोप दाखवणारा प्रोग्रॅम लिहिला होता. पहिल्या आठवड्यात मी तिथे जाऊन बसलो. सौदे झाल्यावर दिवाणजी शेतकऱ्यांच्या पट्ट्या करत होते. वजन, दर, हमाली, तोलाई असे एकेक आकडे भरत खाली उजवीकडे निव्वळ रकमेच्या रकान्यापर्यंत ते येत, आणि नेमका तिथेच माझा निरोप उगवून तो रकाना झाकत असे. ते काही बोलले नाहीत. निरोप जाईपर्यंत हात की-बोर्डवर ठेवून शांत थांबत, समोर शेतकरी उभा असे. ते दृश्य पाहून मी त्याच दिवशी सगळे उगवते निरोप काढून टाकले आणि फक्त आयकॉनचा रंग बदलायचे ठरवले. तंत्रज्ञानाच्या मथळ्यांत तर तातडीचे जवळजवळ काहीच नसते. वाचकाने स्वतः निवडलेला एखादा शब्द आला तरच नोटिफिकेशन द्या, तेही तासाला एकाहून अधिक नको, आणि ते सुरुवातीला बंदच ठेवा. ज्याला हवे तो सुरू करील.

अर्थात आयकॉनच्या रंगावरही सर्वस्वी विसंबता येत नाही. विंडोज ७ पासून नवे आयकॉन आपोआप बाणामागच्या लपलेल्या चौकटीत जातात, आणि तिथून बाहेर ओढून आणणे हे वापरणाऱ्याचेच काम आहे. प्रोग्रॅमने ते परस्पर करू नये अशीच मायक्रोसॉफ्टची योजना आहे. पहिल्यांदा ॲप सुरू होताना हे एका वाक्यात सांगा. टास्कबार दाखवणारा विंडोजचा एक्स्प्लोरर कोलमडून पुन्हा सुरू झाला की ट्रे नव्याने बनतो आणि जो प्रोग्रॅम त्या वेळी येणारा संदेश ऐकून आयकॉन पुन्हा नोंदवत नाही त्याचा आयकॉन नाहीसा होतो. तुमची लायब्ररी हे हाताळते का, ते टास्क मॅनेजरमधून एक्स्प्लोरर पुन्हा सुरू करून स्वतः पाहा. उबुंटूवर जायचे असेल तर ग्नोम या लिनक्सच्या डेस्कटॉपने २०१७ च्या ३.२६ आवृत्तीत जुना ट्रे काढून टाकला हे ध्यानात ठेवा. उबुंटू स्वतःचे इंडिकेटर एक्स्टेन्शन सोबत देते, पण इतर ग्नोम वितरणांवर तुमचा आयकॉन दिसेलच असे नाही. अशा ठिकाणी साधी खिडकीही उघडता यायला हवी.

मराठी मथळेही दाखवायचे आहेत असे तुम्ही लिहिले आहे, म्हणून हे सांगतो. आयकॉनवर माउस नेल्यावर दिसणाऱ्या मजकुराला विंडोजमध्ये १२७ अक्षर-एककांची मर्यादा आहे, आणि देवनागरीत कोडातले एक एकक म्हणजे आपले एक अक्षर नव्हे. ‘तंत्रज्ञान’ हा शब्द चौथ्या एककानंतर कापला तर ‘तंत्’ असा पाय मोडका तुकडा उरतो. अक्षर-समूह ओळखणाऱ्या लायब्ररी आहेत, पण देवनागरी जोडाक्षरे अखंड धरण्याचा नियम युनिकोडमध्ये २०२३ च्या १५.१ आवृत्तीत आला, त्यामुळे जुन्या लायब्ररीवर भरवसा ठेवू नका. मर्यादेच्या आतली शेवटची मोकळी जागा शोधून तिथे कापणे हा मला सर्वांत निर्धोक उपाय वाटतो. मथळ्यातले एचटीएमएल दाखवायचे नाही, फक्त मजकूर. आणि लिंक ब्राउझरला देण्याआधी ती एचटीटीपी किंवा एचटीटीपीएसनेच सुरू होते का ते तपासा. फीड ही बाहेरून आलेली गोष्ट आहे, तिच्यात संगणकावरच्या फाइलचा पत्ताही कोणी लिहू शकतो.

राहिला भाषेचा प्रश्न. इलेक्ट्रॉन सोबत आख्खा क्रोमियम (ज्यावर क्रोम बेतला आहे तो ब्राउझर) घेऊन येतो. चार जीबी रॅमच्या संगणकावर मथळे दाखवण्यासाठी तो आणणे मला पटत नाही. फक्त विंडोजसाठीच लिहायचे असते आणि सुरुवात आज करायची असती, तर सी-शार्पमधला नोटिफायआयकॉन हा ट्रे-आयकॉनचा तयार घटक मी निवडला असता, कारण तो हलका आहे. पण तुमचे पायथनचे ॲप उभे आहे आणि त्यात आयकॉनचा भाग शंभर ओळींचाही नाही. ते पायइन्स्टॉलरने (पायथनच्या कोडाचे चालवता येणारे ॲप बांधणारे साधन) बांधताना एकाच फाइलऐवजी फोल्डरच्या स्वरूपात बांधा. एक-फाइल प्रकार दर वेळी तात्पुरत्या जागी उलगडतो, उशिरा सुरू होतो आणि अँटिव्हायरसला त्याचा संशयही अधिक येतो.

काम कोणत्या क्रमाने करावे असे विचाराल तर आधी वेळमर्यादा आणि वेगळा थ्रेड, मग अंतर आणि ३०४, त्यानंतर साठा. वर्गात वाटप त्यानंतरच. आणि पहिल्या दिवसापासून एका मजकूर-फाइलमध्ये प्रत्येक विनंतीची वेळ, फीड, उत्तराचा क्रमांक, बाइट आणि मिळालेल्या बातम्यांची संख्या लिहीत चला. आठवडाभर ॲप चालवून त्या फाइलमधली लॅपटॉप उघडल्यानंतरची पहिली पाच मिनिटे मला पाठवा. आयकॉन तरीही अडत असेल तर तो कुठे थांबतो हे त्या ओळींवरून सांगता येईल.